कोंतेस आणि पाठराखीण

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. ऑफिसात माझ्या टीममधली पोरं मीटिंगच्या आधी एकमेकांना विचारतात, अस्मिताचा आज मूड कसा आहे. घरी माझा नवरा परीक्षित काही विचारत बसत नाही. माझा आवाज चढला की तो ड्राइव्हवे शोव्हल करायला बाहेर जातो, बर्फ असो वा नसो. अशा घरात एक बाई सत्तावीस वर्षं एकदाही आवाज न चढवता राहिली. ती माझी मंदाआत्या.

मंदाकिनी तिचं नाव. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, मिरजेची. लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. बालवाडीत बाई होती. सत्त्याण्णव साली नोव्हेंबरात माझं लग्न झालं आणि मी कॅनडाला निघाले, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, जाहीर केलं की अस्मिता एकटी जाणार नाही, तिच्याबरोबर मंदा जाईल. पाठराखीण म्हणून.

आता ही पाठराखीण हल्लीच्या पोरींना माहीत नसते. पूर्वी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरचं एक बाईमाणूस तिच्या सोबतीला जायचं. परक्या घरात पोरीला पाणी मागायला लाज वाटली तर ते मागायचं, तिला रडू आलं तर दार लावून घ्यायचं, एवढंच काम. आठ-पंधरा दिवसांत पोर रुळली की माहेराहून कुणीतरी न्यायला यायचं, बहुतेक करून भाऊच. त्याला मुऱ्हाळी म्हणत. दादांना ही पद्धत फार प्रिय. सासर मिरजेपासून कोल्हापूरइतकं लांब आहे की अटलांटिक ओलांडून, याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

परीक्षितचा चेहरा मला अजून आठवतो. मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालमध्ये दीड खोलीचा फ्लॅट, नवीन लग्न, आणि सोफ्यावर आत्या. बिचारा तीन महिने कुजबुजत बोलत होता. विमानतळावर ऑफिसरने आत्याला विचारलं होतं, कशासाठी आलात. आत्याने मला मराठीत सांगितलं, "म्हणावं, मुलीला पोचवायला आलेय. तिचं नवं घर आहे, जरा रमली की जाईन." मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या माणसाने आत्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या तपकिरी रेक्झिनच्या बॅगेकडे बघितलं, आणि सहा महिन्यांचा शिक्का मारला.

दादा म्हणाले होते, एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की मी येतो मंदाला न्यायला. एप्रिलमध्ये त्यांचा व्हिसा नाकारला. पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी ते म्हणाले, आता नक्की. आणि दोन हजार साली सप्टेंबरात ते गेले. मी तेव्हा दिवस भरलेली होते. फोन आला त्या सकाळी आत्याने फोन ठेवला, हात धुतले आणि माझ्यासमोर मऊभाताचं ताट आणून ठेवलं. बाराव्या दिवशी माझी ईशानी झाली. आत्या कुठेच गेली नाही. आम्ही तिचे कागद वाढवत राहिलो, मग पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, अप्लाय केलं, मग ते झालंही. घर मोठं घेतलं, नदीच्या जवळ, तिला स्वतःची खोली मिळाली. मी सगळ्यांना सांगायची, आत्याला इथलं इतकं आवडलं की ती पाठराखीण म्हणून आली आणि राहूनच गेली. लोक हसायचे. आत्याही हसायची.

तिचं इथलं आयुष्य म्हणजे सोबतीला जाणं. महाराष्ट्रातून शिकायला आलेली पोरं असतात, त्यांची पहिली डॉक्टरची अपॉइंटमेंट असली, भाड्याची बेसमेंट बघायची असली, की हळूच मला फोन यायचा, "काकू, आत्या मोकळ्या आहेत का?" आत्याला धड इंग्रजी येत नाही, फ्रेंच चाळीस शब्द. तिचा उपयोग काय म्हणाल तर काही नाही. ती फक्त शेजारच्या खुर्चीवर बसते. अवंतिका नावाची नागपूरची एक मुलगी होती, ड्रायव्हिंग टेस्टला दोनदा नापास. तिसऱ्या वेळी आत्या बसने तिच्याबरोबर गेली आणि काउंटरपाशी बाकावर बसून राहिली. ती पास झाली. तिने मला नंतर सांगितलं की गाडी चालवताना तिला सारखं वाटत होतं, आत्या तिथे आहेत, परत गेलं की दिसतील. आता ती तिकडे वॉन नावाच्या गावात एका गोदामाची मॅनेजर आहे आणि दर दिवाळीला आत्याला बाकरवडी पाठवते.

हिवाळ्यात मात्र आत्या वेगळीच व्हायची. रिव्हिएर दे प्रेरी ही आमची नदी, पलीकडे मॉन्ट्रियल. जानेवारीत ती काठाकाठाने गोठते, वर बर्फाची साय धरते आणि आकाश कुठे संपलं ते कळेनासं होतं. आत्या खिडकीत चहा घेऊन बसायची, आणि वर्षातून एकदा तरी सांगायची, "आज दादा स्वप्नात आला." स्वप्न एकच. दादा गोठलेल्या नदीवरून सायकलने येतायत, सावकाश, जसे मिरजेत स्टेशन रोडने यायचे तसे. हँडलला कापडी पिशवी. मध्येच उतरतात, सायकल हातात धरून चालतात, कारण बर्फाचा भरवसा नाही. अजून काठाला लागलेले नसतात आणि जाग येते. मी एकदा म्हटलं, "दादांनी विंटर टायर लावले होते का गं सायकलला?" ती हसली होती.

आमच्या शेजारी मादाम ओदेत राहायच्या. वय ब्याण्णव, एकट्या. सगळी गल्ली त्यांना कोंतेस म्हणायची, देपानरवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा, दूध देताना "बोंजूर, कोंतेस" म्हणायचा. मला वाटायचं त्यांच्या जुन्या फरच्या कोटावरून चिडवतात. तसं नव्हतं. या बाई तरुणपणी बेल्जियममध्ये खरोखर एका काउंटची बायको होत्या. सतरा महिने. घराचं छप्पर अकरा ठिकाणी गळायचं आणि बादल्या आठच होत्या, असं त्या सांगायच्या. काउंट न्यूमोनियाने गेला. मग फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका कॅनेडियन माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या आणि सेहेचाळीस वर्षं सुखाने नांदल्या. पदवी पहिल्या नवऱ्याबरोबरच गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

सात वर्षांपूर्वी त्या बर्फावरून घसरल्या, तेव्हा आत्या टोमॅटोचं सार घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यानंतर रोज दुपारी जायला लागली. आत्या मराठीत बोलायची, मादाम फ्रेंचमध्ये. आत्याने त्यांना झब्बू शिकवला. ब्याण्णव वर्षांची कोंतेस आत्याला झब्बू देऊन टाळ्या पिटताना मी स्वतः पाहिली आहे.

मागच्या मार्चमधला एक रविवार. आम्ही सगळेच मादामकडे कॉफीला गेलो होतो. ईशानी आलेली होती, ती मॉन्ट्रियलला शिकते, फ्रेंच फाडफाड बोलते. आत्याने तिला सांगितलं, "विचार गं त्यांना, कोंतेस म्हणजे नक्की काय? राणी का?"

मादामनी कप खाली ठेवला. त्यांना हा प्रश्न फार वर्षांनी कुणीतरी विचारला असावा. त्या बोलत होत्या आणि ईशानी तिच्या पद्धतीने सांगत होती, "आजी, नॉट क्वीन. लॅटिनमध्ये वर्ड आहे, कोमेस. इट मीन्स, जो तुमच्याबरोबर जातो. समवन हू गोज विथ यू. रोमन एम्परर प्रवासाला निघाला की त्याचे ट्रस्टेड लोक सोबत जायचे, ते कोमेस. त्याचं फ्रेंचमध्ये कोंत झालं, इंग्लिशमध्ये काउंट. त्याची वाइफ ती कोंतेस."

मादाम आणखी काही बोलल्या आणि हसल्या. ईशानी म्हणाली, "इंग्लंडमध्ये काउंटला अर्ल म्हणतात, पण अर्लच्या वाइफला वर्डच नव्हता. सो तिला काउंटेसच म्हणतात."

"बायकोपर्यंत आले की शब्द संपतात यांचे," मी म्हटलं. परीक्षितने विचारलं की मग काउंटी त्यातलीच का, तर होय, काउंटच्या ताब्यातला मुलूख ती काउंटी. त्याला आपण काहीतरी शोधून काढल्याचा आनंद झाला आणि त्याने तिसरं बिस्किट घेतलं.

आत्या मात्र मादामकडेच बघत होती. "सोबतीला जाणारी," ती म्हणाली. "म्हणजे पाठराखीणच की. मग विचार त्यांना, त्या लोकांना परत न्यायला कोण यायचं?"

ईशानीने विचारलं. मादाम खांदे उडवून बोलल्या. ईशानी म्हणाली, "नोबडी. राजाने त्यांना एकेक रीजन दिला, इथलं तुम्ही बघा म्हणून. दे जस्ट स्टेड. म्हणूनच तर ते मोठे नोबल झाले."

"न्यायला कुणी आलं नाही," आत्या म्हणाली, "आणि त्याची पदवी झाली."

मी लगेच म्हटलं, "मग तूही कोंतेसच की. लव्हालची." सगळे हसले. मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं. आत्या "हो की" म्हणाली आणि खिडकीतून नदीकडे बघत राहिली. बर्फ फुटायला लागलं होतं आणि मोठमोठ्या लाद्या सावकाश वळत वळत खाली चालल्या होत्या.

सप्टेंबरात मादामच्या पुतण्याने ठरवलं की त्यांनी आता एकटं राहायचं नाही. त्रॉ-रिव्हिएरला त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांचं रेसिदाँस आहे, तिथे खोली घेतली. चांगलं होतं ठिकाण, पण मादाम काही ऐकेनात. पलंगाची कड धरून बसल्या. पुतण्या वैतागून व्हरांड्यात उभा राहिला. आत्या आत गेली, आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन मला म्हणाली, "मी जाते त्यांच्याबरोबर. आठ दिवस. तिथे पाहुण्यांना खोली मिळते, पुतण्याने विचारलंय फोनवर."

माझं डोकंच फिरलं. अडुसष्ट वर्षांची बाई, भाषा येत नाही, गुडघे दुखतात, त्या अनोळखी गावात जाऊन काय करणार. मी नको नको ते बोलले. आपल्या घरात तुला काय कमी आहे, इथपर्यंत गेले. परीक्षित शोव्हल शोधायला गेला, सप्टेंबरात. आत्या शांतपणे बॅग भरत होती. तीच, तपकिरी रेक्झिनची. शेवटी मी म्हटलं, "बरं, जा. नवव्या दिवशीचं बसचं तिकीट काढून ठेवते तुझं, म्हणजे परत येशील."

"तिकीट नको," ती म्हणाली. "न्यायला कुणी आलं की येईन."

"अगं, सरळ बस आहे."

"पाठराखीण आपल्या पायांनी परत जात नाही, अस्मिता. तिला न्यायला यावं लागतं. नाहीतर लोक म्हणतात, हिला मागे कुणी नाही."

एवढं बोलून तिने चेन ओढली आणि ती गेली. मी तिच्या खोलीत उभी राहिले. कपाट उघडलं तर आत हँगरच हँगर. आठ दिवसांना बाईने सगळे कपडे नेले होते. मी तिच्या पलंगावर बसले आणि वर्षं मोजायला लागले.

मी तिला तीनदा मिरजेचं तिकीट काढून दिलं होतं. दोन हजार तीन साली, नऊ साली, सोळा साली. तिन्ही वेळा आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "एकटीने कसं जायचं, राहू दे." आम्ही धरून चाललो की तिला विमानाची भीती वाटते. मी तर रागावलेसुद्धा होते, एवढी काय घाबरतेस म्हणून. ती भीती नव्हतीच. मी तिच्या हातात तिकीट ठेवत होते आणि ती वाट बघत होती की कुणीतरी म्हणेल, चल, मी न्यायला आलोय. ते मागायचं नसतं. मागितलं तर ते न्यायला येणं राहत नाही. दादा गेल्यावर ते काम कुणाचं होतं? माझं होतं. त्यांची मुलगी मी एकटीच. आणि मी लोकांना सांगत होते, आत्याला इथलं फार आवडलं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मला माहीत. रोज कामावरून आले की घर परक्यासारखं वाटायचं. चहा दोन माणसांचा व्हायचा आणि उरायचा. संध्याकाळी खिडकीत तिच्या जागी बसायची. नदी अजून वाहती होती, वर धुकं, आणि त्या धुक्यात मलाही उगाच सायकल दिसायला लागली. भीती एकच होती: आता मला खरं कळलंय, म्हणजे तिला विचारावं लागणार, आणि विचारलं तर ती मिरजेला जायचं म्हणेल. कायमची. आणि तो तिचा हक्क आहे. पाठराखणीला माहेरी पोचवलंच पाहिजे. पाचव्या दिवशी मी मुंबईची दोन तिकिटं काढली, डिसेंबरची. माझं जायचं-यायचं, तिचं नुसतं जायचं. बटण दाबताना मला रडू आलं. ईशानीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, शी इज नॉट युअर्स टु कीप." मी तिच्यावरही ओरडले. पण पोरगी बरोबर बोलत होती.

नवव्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली. न्यायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून बेसनाचे लाडू केले, थोडे करपलेच. कपाटातली एक नवी इरकली काढली. हायवेने दीड तास, दोन्ही बाजूंना मेपल इतके लाल की डोळे थकले. वाटेत मी बोलायची वाक्यं पाठ करत होते.

आत्या रेसिदाँसच्या दिवाणखान्यात बसली होती, अंगात कोट, पायाशी बॅग. सकाळी सातपासून अशी बसली आहे, असं तिथल्या नर्सने मला सांगितलं. शेजारी मादाम ओदेत, आणि त्यांच्या टेबलावर आणखी तीन म्हाताऱ्या, हातात पत्ते. मादामनी मला बघितलं, मान हलवली आणि आपला डाव खेळत राहिल्या. त्या रमल्या होत्या.

मी आत्यापुढे डबा आणि साडी ठेवली, वाकून नमस्कार केला. पाठ केलेलं सगळं विसरले. "न्यायला आलेय," एवढंच म्हटलं.

तिने मला खालून वर बघितलं. "कुणाकडून?"

"दादांकडून. उशीर झाला." मी तिची बॅग जवळ ओढली. "सत्तावीस वर्षं उशीर झाला, आत्या. मला कळलंच नाही गं."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मादामकडे जाऊन त्यांचा हात हातात घेतला. दोघी आपापल्या भाषेत काहीतरी बोलल्या. मादामनी तिच्या मुठीत एक लहान, जुना चमचा ठेवला, त्यावर कसलासा मुकुट कोरलेला होता.

गाडीत मी तिकिटांचं सांगितलं. डिसेंबर, मिरज, तिला पोचवायला मी स्वतः येतेय, आणि तिला राहायचं तितकं तिने राहावं. तिचं परतीचं तिकीट काढलं नाही, हेही सांगितलं, आणि रस्त्याकडे बघत राहिले, कारण तिच्याकडे बघायची ताकद नव्हती. आत्याने लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"करपलेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मिरजेला पोचवशील, मग तू लगेच परत ये. कामं असतात तुला. मी राहीन महिनाभर. दादाच्या फोटोला हार घालीन, बालवाडी बघून येईन." तिने डब्याचं झाकण लावलं. "महिन्याने मला न्यायला ये."

मी विचारलं, "कुठे न्यायला?"

"घरी. लव्हालला."

"म्हणजे मी दोनदा यायचं? एवढ्या लांब, एका महिन्यात दोन खेपा?"

"मी सत्तावीस वर्षं थांबले," आत्या म्हणाली, "आणि तुला दोन खेपा जड होतात?"

मी गाडी पुढच्या एग्झिटला बाहेर घेतली, एका पेट्रोल पंपाशी थांबवली आणि मनसोक्त रडले. आत्याने रडू दिलं. मग तिने दार उघडून पाण्याची बाटली आणली, मला पाणी दिलं, आणि आम्ही घरी निघालो. थोड्या वेळाने बघितलं तर ती मांडीवर बॅग घेऊन झोपली होती. लव्हालचा पूल आला तरी तिला जाग आली नाही. मी तिला उठवलं नाही.